अक्षरांमागच्या खुंट्या

"एवढंच?" व्यंकटराव म्हणाले.

कोटभर रुपयांच्या मशीननं नुकताच 'टक्' असा आवाज केला होता. टेबलावरून पेन पडलं तरी ह्याच्यापेक्षा मोठा आवाज होतो, हे खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. संघप्रियानं मान हलवली. "हो साहेब. एवढंच."

"परत कर की. मी दुसरीकडं बघायलो होतो."

"बघितलं असतं तरी दिसलं नसतं साहेब. पापणी लवायच्या आत संपतं ते."

"मग पाव्हण्यायला काय दाखवायचं? टक्?"

व्यंकटराव म्हणजे गंगाखेड रोडवरच्या ह्या इंजिनिअरिंग कॉलेजचे अध्यक्ष. कॉलेजला नावही त्यांचंच. पूर्वी गेटवर त्यांच्या थोरल्या भावाचं, भुजंगरावांचं नाव होतं, कारण कॉलेज भुजंगरावांनी काढलं होतं आणि आसपासच्या गावांनी वर्गणी करून ते नाव लावलं होतं. भुजंगराव वारले त्याला सहा वर्षं झाली. तेराव्याचं जेवण जिरायच्या आत गेटवरची अक्षरं उतरली आणि धाकट्या भावाची चढली. माणसानं दुःखात फार वेळ घालवू नये, हे कुणाकडून शिकायचं असेल तर व्यंकटरावांकडून शिकावं.

आणि हे मशीन. एका लांबलचक लोखंडी बाकावर पोलादाचे दोन सरळ दांडे, एकापुढं एक. दोघांच्या मधल्या फटीत धातूची चकती बसवायची, शर्टाच्या गुंडीएवढी, जरा जाड. मागच्या नळीतून हवेच्या दाबानं पोलादाची कांडी सुटते, पहिल्या दांड्यावर आदळते, तो धक्का दांड्यातून पळत येतो आणि चकतीला चेपतो. दांड्यांवर केसाएवढ्या तारांचे सेन्सर चिकटवलेले असतात, ते सगळं टिपतात, आणि संगणकाच्या पडद्यावर एक रेघ उमटते. एखादी गाडी धडकली, एखादा दगड आदळला तर हा धातू किती टिकेल, ते ती रेघ सांगते. दिल्लीच्या कुठल्याशा योजनेतून मशीन आलं. का आलं, कुणी मागितलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आलं म्हणजे व्यंकटरावांनी आणलं, असं गृहीत धरायची कॉलेजात पद्धत होती.

चकती एकदा चेपली की संपली. ती परत वापरता येत नाही. एक चकती, एक धडक. ही एवढी एक गोष्ट संघप्रियानं त्या महिन्यात निदान वीस जणांना समजावून सांगितली होती आणि वीसही जणांनी "हो का?" म्हणून चहा पिला होता.

तिच्याकडं चौदा चकत्या होत्या.

पालमच्या एका शिक्षकाची ही पोरगी पाच वर्षं पीएचडी करायली होती. अल्युमिनियमात चिमूटभर महागडा धातू मिसळून तिनं नवा मिश्रधातू ठरवला, तो हैदराबादच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत ओतून घ्यायला दीड वर्ष अर्ज केले, आणि शेवटी तिला तळहाताएवढी एक वडी मिळाली. परत मिळणार नाही, असं त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. त्या वडीतून कॉलेजच्या नागनाथ मिस्त्रीनं लेथवर चौदा चकत्या कातून दिल्या. चार वेगांवर प्रत्येकी तीन, म्हणजे बारा धडका झाल्या की प्रबंध पुरा. दोन चकत्या चुकल्यामाकल्याला. मार्चअखेर प्रबंध द्यायचा, नाही तर नोंदणी रद्द, आणि पाच वर्षं मातीत. व्यंकटरावांना आज तिनं दाखवली ती धडक एका गंजक्या लोखंडी तुकड्यावर मारली होती. एवढं शहाणपण तिला होतं.

"उद्घाटनाला पाव्हणे नऊ हायत," व्यंकटराव बोटं मोजत म्हणाले. "नवाच्या नवांनी बटण दाबायचं. एकानं दाबलं आन् दुसऱ्यानं न्हाई दाबलं, तर तो माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाई. आन् ज्यानं दाबलं, त्याची चेपलेली चकती मखमली डबीत घालून त्यालाच द्यायची. स्मृतिचिन्ह! शाल-नारळ समदेच देतेत. असं परभणी जिल्ह्यात कुणी केलं असंल का?"

"सर्वथा नावीन्यपूर्ण," प्राचार्य सूर्यभान सर म्हणाले. सूर्यभान सर प्राचार्यही होते आणि संघप्रियाचे गाईडही. प्राचार्य म्हणून ते रोज सही करायचे आणि गाईड म्हणून पाच वर्षांत दोनदा भेटले होते.

"साहेब, चकत्या चौदाच आहेत," संघप्रिया म्हणाली. "माझ्या पीएचडीच्या. मला बारा लागतात."

"नऊ गेल्या तर पाच उरतेत की."

"पाचात पीएचडी होत नाही साहेब."

"आगं, बारानं होती ती पाचानं का होईना? जरा कमी मार्क पडतील." व्यंकटरावांनी प्राचार्यांकडं पाहिलं. "आन् काटा फुल्लवर ठिवायचा. उगं मिळमिळीत नको. कमी दाबावर पाव्हण्याची बेइज्जती हुते."

दाब फुल्ल केला की धडक एवढी जोरात बसते की सेन्सर हात टेकतात आणि रेघ मोजपट्टीच्या वरच्या टोकाला जाऊन अडकते. म्हणजे समारंभात गेलेली चकती शास्त्राच्या हिशेबी सरळ कचऱ्यात गेली. हे तिनं सूर्यभान सरांना व्हरांड्यात गाठून सांगितलं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "संघप्रिया, तू जरा सकारात्मक विचार कर. तुझ्या मिश्रधातूला मान्यवरांचे हात लागणार आहेत."

असले हात लागण्यापेक्षा एसटी अंगावरून गेलेली परवडली, असं तिला म्हणायचं होतं. ती "हो सर" म्हणाली आणि तडक वर्कशॉपात गेली.

नागनाथ मिस्त्री लेथ पुसत बसले होते. मार्चअखेर ते रिटायर होणार होते आणि त्या लेथला दुसरं कुणी हात लावणार ह्या विचारानं आत्तापासूनच बेजार होते. तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू आलं, ते तिनं थांबवलं नाही. "मामा, पाच वर्षं गेली हो माझी. आन् हे लोक ती डबीत घालून वाटायलेत."

नागनाथांनी फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "पाव्हण्यायला तुझीच चकती लागती का चकती लागती?"

"चकती."

"मग रडायलीस कशाला?"

"पण मामा, अल्युमिनियमच लागंल. लोखंडाचा रंग प्राचार्यांनाही ओळखू येईल. आपल्या स्टोअरमध्ये अल्युमिनियमचा भरीव गज आहे का?"

"स्टोअरमधी? त्या स्टोअरमधी उंदराला बी काही भेटंना." नागनाथ उठले, लेथच्या खालून गोणपाट ओढून काढलं आणि तिच्यासमोर सोडलं. आत अल्युमिनियमची, हातभर उंचीची पाच अक्षरं होती, धूळ बसलेली. भुजंगराव.

"भंगारात घाल म्हनले होते साहेब," नागनाथ म्हणाले. "म्या न्हाई घातलं."

त्या दोघांची गोष्ट संघप्रियालाच काय, सगळ्या कॉलेजला माहीत होती. पस्तीस वर्षांपूर्वी नागनाथ गंगाखेडच्या बाजारात पंपाच्या मोटारी दुरुस्त करत बसायचे. भुजंगराव तिथं मोटार घेऊन आले, अर्धा तास उभे राहून पाहिलं, आणि म्हणाले, उद्यापासून कॉलेजवर ये. नागनाथ म्हणाले, माझ्याकडं आयटीआयचा कागद न्हाई. भुजंगराव म्हणाले, मला कागदाकडून मोटार दुरुस्त करून घ्यायची न्हाई. तेवढंच बोलणं. बाकी नागनाथांनी कधी काही सांगितलं नाही, आणि आज हे गोणपाट.

"मामा, हे नको," ती म्हणाली.

"बघ तर आधी." त्यांनी एक अक्षर पालथं केलं. मागून ते पोकळ होतं, पत्र्यासारखं पातळ. फक्त भिंतीत रुतवायच्या दोन खुंट्या होत्या तेवढ्या भरीव, बोटाएवढ्या जाड. "नाव पोकळच असतंय माय. ह्या खुंट्या हायत म्हणून ते वर ऱ्हातंय. पाच अक्षरं, दर अक्षराला दोन खुंट्या. एका खुंटीतून एक चकती निघंल. धा झाल्या."

"नाव मोडेल."

"नाव तर कवाच मोडलंय. खुंट्या तरी कुणाच्या कामी येऊंद्या. मोठे साहेब असते तर त्यांनी सोताच कापून दिल्या असत्या." असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं आणि लेथचं बटण दाबलं, म्हणजे पुढं बोलायचं काम नाही.

दहा खुंट्यांतून नऊ चकत्या चांगल्या निघाल्या. दहावीच्या पोटात ओतकामाच्या वेळचा हवेचा फुगा राहिलेला होता, तिला एका बाजूनं खड्डा पडला. "ही बाद," नागनाथ म्हणाले. त्यांनी ती टाकली मात्र नाही. फडक्यानं पुसून शर्टाच्या खिशात ठेवली. नऊ पाहुणे, नऊ चकत्या. संघप्रियाला सहा दिवसांत पहिल्यांदा नीट झोप लागली.

समारंभ शनिवारी सकाळी दहाला होता, म्हणून साडेबाराला सुरू झाला.

आवाजाचा बंदोबस्त व्यंकटरावांनी स्वतः केला होता. प्रयोगशाळेच्या दारात माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, आणि त्यांच्यामागं बन्सीधर साउंडचा मालक बन्सीधर हातात मोबाईल घेऊन बसलेला. पाहुण्यानं बटण दाबलं की त्यानं मोबाईलवर ढगाचा गडगडाट लावायचा, अशी योजना. मशीनला झेंडूचे हार घातले होते. दांड्यांवर हार नको, वजनानं फरक पडतो, असं संघप्रिया चार वेळा बोलली, पण हार आधीच विकत आणलेले होते आणि विकत आणलेला हार कुठंतरी घालावाच लागतो. नारळ मशीनवर फोडायचा राहिला, तेवढा तिचा विजय. तो तिनं दाराच्या उंबऱ्यावर फोडून घेतला.

पहिल्या पाहुण्यांनी बटण दाबलं. टक्. आणि पाठोपाठ स्पीकरमधून असा गडगडाट झाला की खिडकीच्या काचा थरथरल्या आणि मागच्या रांगेतली एक बाई खुर्चीवरून उठली. टाळ्या. संघप्रियानं चेपलेली चकती चिमट्यानं काढली. पातळ झाली होती, पण कड कुठंही फाटली नव्हती. मखमली डबीत गेली. दुसरे पाहुणे. तिसरे. चौथ्या पाहुण्यांचा हात बटणाकडं नुसता निघाला आणि बन्सीधरनं गडगडाट सोडला.

"दाबायच्या आधीच फुटलं की ओ!" पाहुणे दचकले.

"साहेबांचा प्रभावच तसा आहे," सूर्यभान सर माइकवर म्हणाले. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

प्रत्येक धडकेनंतर पडद्यावर रेघ सरळ वर चढून पट्टीच्या टोकाला टेकत होती आणि तिथंच आडवी होत होती. वर आकडा दिसत होता, तो मशीनची पट्टी जिथं संपते तिथला आकडा. सगळ्यांना एकच. सूर्यभान सरांनी तो वहीत लिहून घेतला आणि माइकवर जाहीर केला. "जागतिक दर्जाचा निकाल! नऊच्या नऊ वेळा एकच आकडा! अशी अचूकता विदेशातही दिसत नाही." काट्याच्या मापापेक्षा जास्त वजन ठेवलं की काटा टोकाला जाऊन बसतो, हे किराणा दुकानदाराला कळतं. संघप्रियाला हसू आलं, तिनं ते गिळलं. नऊ झाले. तिच्या चौदा चकत्या कपाटातल्या डबीत जशाच्या तशा होत्या. ती घाम पुसत होती तेवढ्यात बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला.

पाथरीकडचे दोघं पुढारी आले होते. त्यांना निमंत्रण नव्हतं. ज्याला निमंत्रण नसतं तो निमंत्रितापेक्षा जास्त लवकर नाराज होतो, म्हणून व्यंकटराव धावत दारापर्यंत गेले. "या या! तुमचीच वाट बघायलो होतो. तुमच्याबिगर काय उद्घाटन हुतंय का?" आणि मान वळवून, "बाई, दोन चकत्या लाव."

तिनं नागनाथांकडं पाहिलं. नागनाथांनी मान खाली घातली. तिनं कपाट उघडलं.

हैदराबादच्या वडीतली पहिली चकती तिनं दांड्यांच्या मधे बसवली. टक्. गडगडाट. दुसरी. टक्. गडगडाट. दीड वर्षाच्या अर्जांमधले किती महिने त्या दोन गडगडाटांत गेले, हे मोजायला तिला वेळ नव्हता. पाथरीकर खूश झाले. चौदातून बारा उरल्या. बारा म्हणजे पुरेशा, बरोबर काठावर. संपलं, ती मनाशी म्हणाली. संपलं एकदाचं.

"आता मी," व्यंकटराव म्हणाले.

तिनं प्राचार्यांकडं पाहिलं.

"साहेब, तुम्ही यजमान आहात," सूर्यभान सर हळूच म्हणाले. त्यांना चकतीची काळजी नव्हती, जेवणाची होती.

"यजमान हाय म्हणूनच. अकरा जणांनी दाबलं आन् ज्यानं मशीन आणलं त्यानंच न्हाई दाबलं, आसं पेपरात यायला पाहिजे का? चल बाई. काटा अजून पुढं जात आसंल तर घे."

"साहेब, चकत्या संपल्या."

"आगं कपाटात डबी दिसायली की. भरलेली."

अकरा पाहुणे, दोन स्पीकर आणि अर्धा जिल्हा तिच्याकडं बघत होता. अकरा चकत्यांत चार वेगांवर तीन-तीन बसत नाहीत. एक वेग अर्धा राहणार, परीक्षक तोच आधी उघडणार, आणि परत वडी मिळणार नाही. तिला इतका राग आला की डोळ्यांपुढं झेंडूचे हार लाल दिसायला लागले. ती कपाटाकडं गेली, डबी काढली, आणि तिचे पाय तिथून हलेनात.

"द्या, म्या बसवतो," कुणीतरी म्हणालं. नागनाथ होते. त्यांनी तिच्या हातातली डबी घेतली, उघडली, आत बोटं घातली, आणि डबी तिच्याच ओंजळीत परत ठेवली. मशीनपाशी गेले, खाली वाकून चकती बसवली, आणि बाजूला झाले. तिनं ओंजळीतल्या डबीत पाहिलं. बारा होत्या. नागनाथांचा शर्टाचा खिसा सपाट झाला होता.

व्यंकटरावांनी बटण दाबलं. टक्. बन्सीधरनं ह्या वेळी दोन गडगडाट एकदम लावले. नागनाथांनी चकती चिमट्यानं काढली. खड्डा दाबून गेला होता, फुगा बुजला होता, आणि एक छान गोल, चकचकीत, भरीव चकती डबीत आली. बाकीच्या अकरांपेक्षा जास्त देखणी. व्यंकटरावांनी ती फोटोग्राफरसमोर धरली आणि हसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'परभणीच्या मातीत घडला विक्रमी मिश्रधातू'. खाली आकडा, तोच, पट्टीच्या टोकाचा. व्यंकटरावांनी ती बातमी फ्रेम करून ऑफिसच्या भिंतीवर लावली आणि डबी टेबलावर काचेखाली ठेवली. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. "हे बघा. म्या सोता चेपलेली."

नागनाथ कामासाठी ऑफिसात गेले की टेबलाकडं बघून हात जोडायचे. व्यंकटराव खुर्चीतून मान डोलवायचे.

संघप्रियानं पुढच्या तीन आठवड्यांत बारा धडका केल्या. दार लावून, हार नसताना, हळद-कुंकू पुसून, दाब जिथं पाहिजे तिथं ठेवून. बारा रेघा आल्या, पट्टीच्या आत, नीटस. धातू विक्रमी नव्हता. चांगला होता, कामाचा होता, आणि किती चांगला हे आता नेमकं सांगता येत होतं. तिनं प्रबंध लिहिला. मार्चच्या अठ्ठावीस तारखेला तो बांधून आला. विद्यापीठाला पाठवायच्या अर्जावर आता संस्थेच्या अध्यक्षांची एकच सही राहिली होती.

ती अर्ज घेऊन ऑफिसात गेली. व्यंकटरावांच्या हातात दिल्लीचं पत्र होतं आणि सूर्यभान सर उभ्यानंच घामाघूम झाले होते.

भानगड अशी की मशीनचा अर्ज सात वर्षांपूर्वीचा होता. सहीसकट भुजंगरावांचा. दिल्लीत फाईल इतक्या निवांतपणे फिरली की अर्ज करणारा वारला तरी तिला पत्ता नव्हता. मंजूर झालेल्या कागदात प्रयोगशाळेचं नाव छापलेलं होतं, 'भुजंगराव प्रयोगशाळा', आणि उद्या सकाळी दिल्लीची कमिटी ते नाव दारावर आहे की नाही, हे बघायला येणार होती. नसेल तर मशीन परत.

"नागनाथला बोलवा," व्यंकटराव म्हणाले.

नागनाथ आले. नेहमीसारखे टेबलाकडं बघून हात जोडले.

"नागनाथ, ते जुने अक्षरं भंगारात घातलास का?" व्यंकटरावांच्या आवाजात आयुष्यात पहिल्यांदा, न घातलेली असू देत, अशी प्रार्थना होती.

"न्हाई साहेब. हायत."

"हायत! शाब्बास! मला मालूमच होतं, तू इमानदार माणूस हायस. चल, आत्ताच्या आत्ता दारावर बशीव."

"बसत न्हाईत साहेब. मागच्या खुंट्या न्हाईत."

"खुंट्या कुठं गेल्या?"

संघप्रियाला अर्ज हातातून निसटतोय असं वाटलं. नागनाथांनी तिच्याकडं पाहिलंही नाही.

"एक तुमच्या टेबलावर हाय," ते म्हणाले. "बाकीच्या पाव्हण्यायच्या घरी. डबीत."

व्यंकटरावांनी काचेखालच्या चकतीकडं पाहिलं. मग भिंतीवरच्या फ्रेमकडं. मग परत चकतीकडं. थोरल्या भावाला त्यांनी गेटवरून उतरवलं होतं, आणि तो दोन महिने त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच काचेखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नमस्कार घेत होता.

"कुणाची आयडिया ही?" ते शेवटी म्हणाले. आवाज फार बारीक झाला होता आणि नजर संघप्रियावर येऊन थांबली होती.

पाच वर्षांचं ओझं हातात असलं की माणूस बोलतं. "साहेब," ती म्हणाली, "उद्या कमिटी विचारील, पेपरात छापून आलेला विक्रमी धातू कुठला. त्यांना काय सांगायचं? तुम्ही म्हणाल तसं सांगते." आणि अर्ज टेबलावर ठेवला, चकतीच्या शेजारी. वर पेन ठेवलं.

"काही सांगायचं नाही!" सूर्यभान सर ओरडलेच. "काहीही नाही! प्रबंध उत्कृष्ट आहे साहेब, मी स्वतः गाईड आहे. सही करा."

व्यंकटरावांनी सही केली. इतकी जोरात की कागद फाटता फाटता राहिला. मग मान वर न करता म्हणाले, "तारेनं बांध."

नागनाथांनी त्या संध्याकाळी पाचही अक्षरं प्रयोगशाळेच्या दारावरच्या जाळीला तारेनं बांधली. संघप्रियानं स्टूल धरलं. दुसऱ्या दिवशी कमिटी आली, वर पाहिलं, फोटो काढला, चहा पिला आणि गेली. दोन दिवसांनी नागनाथ रिटायर झाले. मे महिन्यात संघप्रियाला विद्यापीठाचं पत्र आलं, आणि ती पेढे घेऊन पहिल्यांदा त्यांच्या घरी गेली.

अक्षरं अजून तारेवरच आहेत. पक्की बसलेली नाहीत, त्यामुळं जरा वारा सुटला की जाळीवर आपटून खडखडतात. आतल्या मशीनपेक्षा आवाज मोठा येतो, पार अध्यक्षांच्या ऑफिसापर्यंत जातो.